पाड्याचं एकच पोट

गंगापूर रोड, नाशिक
४ जानेवारी २००९

आदरणीय सर,
साष्टांग नमस्कार.

देवळाली कॅम्पात राहणाऱ्या माणसाला नाशिकमधून कुणी पत्र लिहितं का, असं तुम्ही म्हणाल. गेल्या महिन्यात दोनदा तुमच्याकडे येऊन गेले. दोन्ही वेळा तुम्ही पेपर बाजूला ठेवून स्वतः चहा टाकायला उठलात. आपण थंडीबद्दल बोललो, दिंडोरीकडे द्राक्षाचे मणी तडकायला लागलेत त्यावर बोललो, तोफांचा सराव सुरू झाला की तुमच्या खिडकीच्या काचा कशा वाजतात ते तुम्ही दाखवलंत, आणि मी निघाले. स्टॉपवर उभी राहिल्यावर दोन्ही वेळा स्वतःचा भयंकर राग आला. तुमच्यासमोर बसून मला बोलता येत नाही, एवढं कळलं. कागदावर येतं का बघते.

आधी घरचं. बाबांचे गुडघे फारच धरलेत. त्र्यंबकला यजमान आले की ते पाटावर बसतात आणि गुरुजी म्हणून बाबा स्टुलावर, त्यामुळे यजमान मनात हसतात असं त्यांना वाटतं. परवा तुमची आठवण काढत होते. मला पुण्याला एम.एस्सी.ला पाठवावं म्हणून तुम्ही आमच्या ओसरीवर ठाण मांडून बसला होतात, ते त्यांना अजून जसंच्या तसं आठवतं. जंतू बघून पोरीचं लग्न जमतं का, असं त्यांनी विचारलं होतं, आणि नाही जमलं तर मी जमवतो, असं तुम्ही म्हणाला होतात. चौऱ्याण्णव साल होतं ते. तुम्ही त्याच वर्षी रिटायर झालात आणि तुमचा रिकामा वेळ सगळा माझ्या वाट्याला आला.

पुण्यात मी कॉम्प्युटरकडे वळले तेव्हा बाकीचे सर लोक नाराज झाले होते. जंतुशास्त्र सोडून टायपिंग शिकतेय म्हणायचे. तुम्ही मात्र नागलीच्या आंबिलीतून काढलेला तुमचा लाडका जंतू घेऊन पुण्याला आलात. त्याच्या जनुकांची अक्षरं आम्ही ईमेलने परदेशात पाठवली. तिथला कॉम्प्युटर ती जगभरच्या अक्षरांशी ताडून बघायचा आणि उत्तर यायला दुसरा दिवस उजाडायचा. तुम्ही परत गेला नाहीत. सकाळी मी गेले तर तुम्ही मफलर गुंडाळून प्रयोगशाळेच्या पायरीवर बसलेले. उत्तर आलं, तुमचा जंतू आधीच कुणाला तरी सापडलेला होता. तुम्ही हसलात आणि म्हणालात, चला, निदान खोटा तरी नव्हता. पुढे मी परदेशी गेले, तिथल्या मोठमोठ्या लोकांकडे काम केलं, पण जीवमाहितीशास्त्र म्हणजे काय हे मला कुणी विचारलं की मला तुमची ती पायरीच दिसते.

असो. तुमच्या पंच्याहत्तरीच्या सत्काराचं म्हणाल तर तुमच्या लेकीचा, मालिनीताईंचा, रोज फोन असतो. त्यांना माझं मुख्य भाषण हवंय. विषयही त्यांनीच ठरवलाय: ‘पाड्याचं एकच पोट’. सोप्या मराठीत, आमदारांनाही कळेल असं बोल, म्हणाल्या. अजून मी हो म्हटलेलं नाही, पण निमंत्रणपत्रिका छापून झाली म्हणे.

काल भाषण लिहायला बसले होते. सुरुवात झोकात झाली. प्रत्येकाच्या आतड्यात जंतूंची वस्ती असते, ती अन्न पचवते, दुखणी अडवते. दर माणसाची वस्ती वेगळी, सख्ख्या बहिणींचीही वेगळी. पण हरसूलच्या वरच्या अंगाला एक पाडा आहे, तिथल्या सगळ्या बायकांच्या शौचाचे नमुने आम्ही तपासले आणि सगळ्यांची वस्ती एकसारखी निघाली. एका झऱ्याचं पाणी, एका हंड्यातलं अन्न, म्हणून सगळ्या पाड्याचं मिळून जणू एकच पोट. जगात कुणाला असं सापडलं नव्हतं. इथवर आले आणि पुढे लिहिता येईना. कागद फाडून टाकला.

स्नेहल तुम्हाला आठवत असेल, माझी विद्यार्थिनी, गेल्या दिवाळीला तुमच्या पाया पडायला आली होती ती. ती दोन वर्षं पेठकडच्या पाड्यांवर हेच काम करतेय. झरा एक, अन्न तेच, सगळं तसंच. तिच्याकडे दर बाई वेगळी निघते. मी तिला काय काय बोलले ते सांगायची लाज वाटते. तुझा बर्फ वितळला, तू नमुन्यांच्या डब्या उन्हात ठेवल्यास, तुला साधं झाकण लावता येत नाही. पोरगी माझ्यासमोर कधी रडली नाही, पण तिचे डोळे सुजलेले असायचे. मग म्हटलं, एवढं आहे तर आपल्या पहिल्या पाड्यावरच पुन्हा जाऊन बघू. नोव्हेंबरात आम्ही दोघी गेलो.

कमळाबाई भेटली. तुम्हाला ती आठवणारच. पाड्यावरची सुईण, आपल्या डब्या बायकांना वाटून, भरून आल्या की गोळा करून ठेवणारी. बायकांचं काम बाईकडेच द्यावं म्हणून तुम्हीच तिला नेमलं होतंत. आता थोडी वाकलीय, बाकी तशीच. मास्तर बरे हायेत ना, असं दोनदा विचारलंन. बरंच काही बोलली.

आमच्या संस्थेच्या नव्या इमारतीचं काम संपत आलंय. माझ्या खोलीला मोठी खिडकी आहे, गोदावरीकडची झाडी दिसते. ‘पाड्याचं एकच पोट’ नसतं तर ही इमारत नसती, असं आमचे संचालक दर पाहुण्याला सांगतात. मी बाजूला उभी राहून मान डोलावते. सर, त्या खोलीत मला जीव घुसमटल्यासारखं होतं. मी खिडकी उघडते, तरी होतं.

तुम्हाला एकच विचारायचं होतं. डब्यांची पेटी आणायला तुम्ही एकटे पाड्यावर गेला होतात, मी इथे पुढची तयारी करत होते. त्या दिवशी कमळाबाई तुम्हाला काही म्हणाली होती का? आठवत असेल तर कळवा. आठवत नसेल तरी कळवा.

थंडी फार आहे, सकाळचं फिरणं जरा उशिरा करा.

आपली विद्यार्थिनी,
संपदा


नाशिक
२० जानेवारी २००९

सर, नमस्कार.

तिळगूळ मिळाला. मालिनीताई स्वतः घेऊन आल्या होत्या, तुमची चिठ्ठीही त्यांनीच दिली. भाषणात इंग्रजी शब्द कमी वापर, माईकपासून जरा लांब उभी राहा, हे दोन्ही पटलं. आणि शेवटी एक ओळ: कमळाबाई गमतीदार बाई, बोलायची पुष्कळ, सगळं कुठे लक्षात राहतं.

सर, साठ सालच्या वर्गातल्या मुलांचे रोल नंबर तुम्हाला आठवतात. कॉलेजच्या मागच्या गेटसमोर कुणाची सायकल पंक्चर झाली होती ते तुम्ही अजून सांगता. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली, आणि मला जे खरं वाटू नये म्हणून मी धडपडत होते, ते खरं आहे हे मला त्या ओळीने सांगितलं. म्हणून आता आडवळणं नकोत.

कमळाबाई अंगणात नागली पाखडत होती. स्नेहलने नव्या डब्या काढल्या तशी ती हसत सुटली. पदर तोंडाला लावून हसत होती. म्हणाली, आता माझ्याच्यानं नाय व्हायचं बाई, म्हातारी झाले, पोट पहिल्यासारखं राहिलं नाय. मला काही कळेना. मग तिने सगळं सांगितलं, अगदी मोकळेपणाने, चोरी पकडल्यासारखं काही नाही. बायका डब्या घ्यायला तयार नव्हत्या. संमतीच्या कागदावर अंगठे उठवले, कारण मास्तर भला माणूस, त्याला नाही कसं म्हणायचं. पण डबी भरून द्यायची म्हटल्यावर सगळ्या तिच्या दारात येऊन बसल्या. कुणाच्या कडेवर मूल, कुणी पोटुशी.

“अंगातलं परक्याच्या हाती कसं द्यावं?” ती म्हणाली. “त्याच्यावर कुनी काय केलं तर? त्या लेकुरवाळ्या हायेत. मी म्हनलं, आना त्या डब्या हिकडं. माझ्यावर काय करनी व्हायची ती होऊ दे, मी पिकल्यालं पान हाय.”

आणि तिने सगळ्या डब्या एकटीने भरल्या. रोज थोड्या थोड्या. त्यासाठी आंबील जास्तीची प्यायली, कधी कधी काही केल्या होईना तेव्हा झऱ्यापर्यंत चालून आली, हेही तिने हातवारे करून सांगितलं. स्नेहल हसता हसता खाली बसली. मलाही हसू आलं, खरंच आलं, कारण इतकं प्रेमाने कुणी कुणाला फसवलं नसेल. त्या बायकांची नाळ नि वार तिनेच पुरलेली, कुत्र्यामांजराच्या, वाईट माणसाच्या हाती लागू नये म्हणून खोल पुरलेली. त्यांच्या अंगातलं काही बाहेर जाऊ द्यायचं नाही हे तिचं कामच. आणि उन्हात चढ चढून आलेल्या पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, हेही. दोन्ही साधलं तिने. माझी आई आजसुद्धा माझे विंचरलेले केस गुंडाळी करून लपवते, तेव्हा आपण शिकलेल्यांनी याला अडाणीपणा म्हणायचं कारण नाही.

परत आल्यावर मी फ्रीझरमधले जुने नमुने काढले. अशा नमुन्यांत जंतूंबरोबर माणसाच्या पेशीही थोड्याशा येतात, त्यावरून तो कुणाचा ते कळतं. पाच वर्षांपूर्वी कुणी ते बघायचं म्हटलं नसतं, बघायचं कारणही नव्हतं. आता बघितलं. सगळ्या डब्या एकाच बाईच्या. मी जगाला जे पाड्याचं एकच पोट म्हणून दाखवलं ते कमळाबाईचं पोट होतं.

इथवर असतं तर मी धावत तुमच्याकडे आले असते. दार न वाजवता आत शिरले असते आणि आपण दोघं कपाळाला हात लावून हसलो असतो. पण निघताना मी कमळाबाईला सहज म्हटलं, अगं, हे तेव्हाच सांगायचंस ना. तिला आश्चर्य वाटलं.

“मास्तरास्नी सांगितलं व्हतं की. पेटी न्यायला आलं तवाच. म्हनलं, यात समदं माझंच हाय बरं का, पोरींचं कायबी नाय.”

मी विचारलं, मग मास्तर काय म्हणाले?

“चा पिला. मंग म्हनलं, बरं. आन् पेटी उचलून गेलं.”

सर, मी त्या उतारावरून कशी आले मला माहीत नाही. बसमध्ये स्नेहल काहीतरी विचारत होती, मला ऐकूच येत नाही असं मी दाखवलं. मी तुमच्या बाजूने सगळं मांडून पाहिलं. तुम्हाला तिचं बोलणं कळलं नसेल. पण तुम्ही तीस वर्षं त्या पाड्यांवर हिंडताय, तिथल्या लोकांशी त्यांच्यासारखं बोलता, मला तुम्हीच अर्थ सांगायचात. तुम्हाला ती थट्टा वाटली असेल. हे मी पुष्कळ दिवस धरून ठेवलं. मग मला सीबीएस स्टँडवरचं आपलं बोलणं आठवलं.

पहिले निकाल आले तेव्हा मी घाबरले होते. इतकं सारखं असूच शकत नाही, कुठेतरी मिसळामिसळ झालीय, आपण परत जाऊन नमुने घेऊ, असं मी म्हणत होते. तुम्ही त्र्यंबकची बस पकडत होतात. पायरीवर एक पाय ठेवून तुम्ही म्हणालात, “संपदा, तू बाहेर राहून विसरलीस. हे लोक एका हंड्यातलं खातात. त्यांना पुन्हा त्रास देऊ नकोस.” मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी परत गेले नाही. ती हंड्याची कल्पना तुमची होती. मी तिच्यावर आकडे रचले. तुम्हाला तेव्हा माहीत होतं, सर. माहीत असून तुम्ही मला ती दिलीत.

का, हे मला कळतं असं वाटतं, आणि म्हणूनच राग नीट येत नाही. आला की लगेच तुमचा मफलर आठवतो. तुम्ही चाळीस वर्षं एका कॉलेजच्या कोंदट खोलीत काम केलंत, जे जे शोधलंत ते आधी कुणीतरी शोधलेलं निघालं. तुम्ही हसत राहिलात, पण ते हसणं तुम्हाला किती जड जात होतं हे मी तेव्हा पाहिलं नाही. आणि मग एक अशी गोष्ट हाती आली की जी कुणाकडेच नव्हती. तुमचं नाव माझ्या नावाशेजारी छापून आलं, तेव्हा तुम्ही तो अंक मालिनीताईंच्या सासरी नेऊन दाखवलात. मला ठाऊक आहे, त्यांनीच सांगितलं.

पण माझं काय केलंत हे तुमच्या लक्षात आलं का? गेली दोन वर्षं मी जिथे जाते तिथे ती गोष्ट सांगते. ती सांगून मला पद मिळालं, माणसं मिळाली, ही इमारत मिळाली. परदेशात दोन गटांनी तसंच करून पाहिलं, त्यांना जमलं नाही, आणि त्यांच्याच कामात खोट असेल असं मी भर सभेत म्हणाले. स्नेहलला मी जवळजवळ मोडून टाकलं होतं, आणि तिचंच बरोबर होतं. अडकित्त्यात सुपारी असावी तशी मी महिनाभर होते. बोलले तर तुम्ही जाता, नाही बोलले तर मी जाते. संचालकांना सांगितलं तर ते दार लावून घेऊन म्हणाले, मॅडम, उद्घाटन होऊ द्या, सरांचा सत्कार होऊ द्या, मग बघू. नंतरही त्यांना बघायचं नाहीये, हे त्यांच्या चेहऱ्यावरच होतं.

काल मी नियतकालिकाला कळवलं. लेख मागे घ्यावा, सर्व नमुने एकाच व्यक्तीचे होते, ते ज्याचे त्याचे आहेत याची खात्री करून घेणं माझं काम होतं आणि ते मी केलं नाही. कमळाबाईचं नाव कुठे घातलेलं नाही, त्या बायकांचंही नाही. तुम्हाला काय माहीत होतं हेही लिहिलेलं नाही. ते लिहायचं तर तुम्ही लिहा. लेखावर तुमचंही नाव आहे, त्यामुळे संपादक तुम्हालाही विचारतील. मी तुमच्या वतीने खोटं बोलणार नाही, आणि तुमचं खरंही मी सांगणार नाही.

मालिनीताईंना आज फोन करून भाषण करणार नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं, सांगितलं नाही. त्या दुखावल्या. तुम्ही त्यांना काय सांगायचं ते सांगा.

एक मात्र सांगते, नाहीतर ते माझ्यात सडत राहील. त्या दिवशी पेटी घेऊन आलात तेव्हा तुम्ही एवढंच म्हणायचं होतंत, संपदा, हे सगळं फुकट गेलं, पुन्हा जायला हवं. मी चिडले असते, दोन तास कुणाशी बोलले नसते, आणि मग आपण परत तो चढ चढलो असतो. तुम्ही पुढे, मी मागे, बर्फाची पेटी दोघांत. कदाचित काहीच सापडलं नसतं. मला चाललं असतं, सर. मी तुमच्याजवळ तेवढंच शिकायला आले होते.

रविवारी दहा वाजता तुमचा सत्कार आहे. त्या दिवशी सकाळी सातच्या बसने मी आणि स्नेहल हरसूलला निघतोय. पाड्यावर बसून बायकांना आधी सगळं सांगायचंय, त्या डब्यांचं आम्ही काय केलं, का केलं, जगाला काय सांगितलं. मग पुन्हा विचारायचं. ज्या देतील त्यांच्या घेऊ, ज्या नाही म्हणतील त्यांचं ‘नाही’ लिहून घेऊ. सगळ्याच नाही म्हणाल्या तर तेच आमचं काम. कमळाबाईला मी सांगून ठेवलंय, यावेळी तिने फक्त बसायचं.

सीबीएसवर त्या बसला गर्दी होते, म्हणून आम्ही लवकर जाऊ. स्नेहल मागे बसेल. माझ्याशेजारी, खिडकीकडे, तुमची जागा धरून ठेवणार आहे. कंडक्टर भांडेल, भांडू दे. बस सुटेपर्यंत मी तिथे कुणाला बसू देणार नाही.

अजूनही तुमचीच विद्यार्थिनी,
संपदा